रब्बीचं ओलीत: मोटर जळण्याआधी व्होल्ट आणि अँपिअर वाचा

गहू पेरून 18 ते 21 दिवस झाले की मुकुटमुळं फुटतात. तेव्हाचं ओलीत हुकलं तर नंतर दिलेल्या पाण्यानं ती तूट पुरती भरून निघत नाही. हरभऱ्याला फुलोऱ्याच्या सुमारास पाणी लागतं, आणि वरूड, मोर्शी, काटोलकडे संत्र्याच्या आंबिया बहाराचा ताण तोडायची, म्हणजे फुलं यावीत म्हणून थांबवलेलं पाणी पुन्हा द्यायची वेळही जवळ येते. नेमक्या याच दिवसांत एका डीपीवरच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम चालतात, व्होल्टेज पडतं आणि वायंडिंगवाल्याकडे (मोटरीतली तारेची गुंडाळी भरून देणाऱ्याकडे) रांग लागते. बोरातून मोटर काढणं, भरून आणणं, पुन्हा सोडणं यात आठवडा जातो. पीक तोवर थांबत नाही.

मोटर जळण्याआधी सांगत असते, पण आकड्यांत. स्टार्टरच्या पेटीवरचे व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर बंद असतील तर आधी ते बदला, किंवा चार जणांत मिळून एक क्लॅम्प मीटर (तार न तोडता तिच्याभोवती चिमटा लावून अँपिअर दाखवणारं मीटर) घ्या.

5 एचपीची मोटर म्हणजे 3,730 वॅट, पण हे पंपाला मिळणारं काम झालं. लाइनीतून ती जास्त ओढते. थ्री फेजचा हिशेब असा: व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले 1.732 गुणिले पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खरं काम करणारा वाटा). 415 व्होल्ट, 8 अँपिअर आणि 0.8 पॉवर फॅक्टर धरला तर साधारण 4,600 वॅट, म्हणजे तासाला 4.6 युनिट.

आता रात्रपाळीत व्होल्टेज 350 वर आलं समजा. पंपावरचा भार तोच असल्यानं मोटर 8 ऐवजी जवळपास साडेनऊ अँपिअर ओढू लागते. फरक दीड अँपिअरचाच वाटतो, पण तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: करंट गुणिले करंट गुणिले रोध (तारेचा करंटला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात). आठाचा वर्ग 64, साडेनऊचा 90. वायंडिंग 40 टक्के जास्त तापते, आणि तिच्या तारेवरचं इन्सुलेशन (वीजरोधक थर) असंच रोज थोडंथोडं भाजत जातं. अशा वेळी ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा स्टार्टरमधला भाग) ट्रिप झाला की त्याचं सेटिंग वर सरकवायची सवय आपल्याकडे फार आहे. कृपा करून ते करू नका. डायरेक्ट स्टार्टर (मोटरला एकदम पूर्ण व्होल्टेज देणारा) असेल तर सेटिंग मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरलाच ठेवा आणि व्होल्टेज 350 च्या खाली गेलं की मोटर बंद करा.

डीपीवरचं व्होल्टेज आपल्या हातात नाही, केबल मात्र आहे. तांब्याच्या तारेचा रोध काढायला 0.0175 ला मीटरमधल्या लांबीनं गुणा आणि तारेच्या छेदाच्या चौरस मिलिमीटरमधल्या क्षेत्रफळानं भागा. स्टार्टरपासून मोटरपर्यंत 250 मीटर, 2.5 ची केबल असेल तर एका तारेचा रोध 1.75 ओहम येतो. 8 अँपिअरला प्रत्येक तारेत 14 व्होल्ट गळतात आणि तिन्ही तारांत मिळून 336 वॅट नुसते उष्णतेत जातात. तीच केबल 4 ची घेतली तर हा तोटा 210 वॅटवर येतो. खोल बोराच्या पट्ट्यात केबल घेताना पैसे वाचवायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

केबलपेक्षाही जास्त घात ढिल्या जोडांनी आणि स्टार्टरच्या घासलेल्या कॉन्टॅक्टनी होतो. मोटर चालू असताना एकाच फेजच्या कॉन्टॅक्टच्या आतल्या आणि बाहेरच्या टोकांमध्ये व्होल्टेज जवळपास शून्य असायला हवं. तिथं 4 व्होल्ट दिसले तर 4 भागिले 8, म्हणजे अर्धा ओहम रोध. आणि 4 गुणिले 8, म्हणजे 32 वॅट. बोटाच्या पेराएवढ्या जागेत सोल्डरिंग आयर्नएवढी आच. तो कॉन्टॅक्ट जळाला की एक फेज जातो, उरलेल्या दोन फेजवर मोटर गुरगुरते आणि थोड्याच वेळात बसते. ही तपासणी चालू लाइनीवरची आहे, ती वायरमनकडूनच करून घ्या.

इथं एक गल्लत होते. 415 ला 8 नं भागून येणारे 52 ओहम म्हणजे वायंडिंगचा रोध नव्हे. चालू मोटरमध्ये उलटं व्होल्टेज तयार होत असतं, तेच करंट आवरून धरतं. वायंडिंगचा रोध मुख्य स्विच बंद करून, केबल स्टार्टरपासून सोडवून, मल्टिमीटरनं मोजायचा. तो थोड्याच ओहमचा असतो. तीन तारांच्या दोन-दोन अशा तिन्ही जोड्यांत आकडा जवळपास सारखा आला पाहिजे. एखादी जोडी वेगळी दिसली तर जोड किंवा वायंडिंग बिघडत चाललीय.

ऑटोस्विचबद्दल (लाइन येताच मोटर आपोआप सुरू करणाऱ्या स्विचबद्दल) गावानं बसून ठरवायला हवं. लाइन येताच दहा मोटरी एका क्षणी सुरू झाल्या, की प्रत्येक मोटर सुरुवातीला पाचसहापट करंट ओढते आणि व्होल्टेज कोसळतं. टायमर लावून दोन-दोन मिनिटांचं अंतर ठेवा. प्रत्येक मोटरला कॅपॅसिटरही (पॉवर फॅक्टर सुधारणारा) हवाच, 5 एचपीला साधारण 2 केव्हीएआरचा (केव्हीएआर हे कॅपॅसिटरच्या क्षमतेचं माप). त्यानं डीपीपासूनच्या लाइनीतला करंट कमी होतो, म्हणजे शेजाऱ्याचंही व्होल्टेज सावरतं.

व्होल्टला रोधानं भागलं की करंट मिळतो, आणि हाच भागाकार माणसाच्या अंगालाही लागू आहे. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. 230 भागिले 1,000 म्हणजे 230 मिलिअँपिअर, आणि जीव घ्यायला त्याहून बरंच कमी पुरतं. म्हणून चिखलात अनवाणी उभं राहून पेटी उघडू नका, अर्थिंगचा खड्डा ओला ठेवा, 30 मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी (करंट जमिनीत गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) घरच्या लाइनीवर बसवा. रानडुकरांसाठी धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) तारेत थेट लाइन सोडणं हा गुन्हा आहे आणि तिथं पहाटे ओलिताला निघालेला आपलाच माणूस सापडतो. कुंपणाला ठरावीक अंतरानं क्षणभर झटका देणारं प्रमाणित यंत्रच लावा, आणि तारेवर पाटी टांगा.