काळ्या रबराच्या सवयींनी पारदर्शक सोल बनवू नका: या चुका टाळा

माझी सुरुवात काळ्या रबरातच झाली. वाळूज एमआयडीसीत कित्येक वर्षं गॅस्केट, बुश आणि ट्रॉलीची चाकं केली. मग एका बूटवाल्याने आरपार दिसणारा सोल मागितला. पहिल्या दिवशीचा माल काचेसारखा निघाला. दुसऱ्या दिवशी तोच फॉर्म्युला, तीच माणसं, पण सोल असा की जणू पाण्यात ताक सांडलंय. मिलवरचे, म्हणजे दोन रोलमध्ये रबर मळायच्या यंत्रावरचे, मामा हातात सोल धरून म्हणाले, “साहेब, वजन तर कालचंच हाय. मग कामून असं झालं?”

कारण सापडायला तीन आठवडे लागले. पहिल्या दिवशी शीट मिलवरून थेट प्रेसमध्ये गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या शीट रात्रभर ठेवायच्या होत्या. त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मुलांनी नेहमीसारखं शंखजिरं मारलं. काळ्या मालात शंखजिरं कुणाला दिसतं? इथे मात्र शीट दुमडून साच्यात घातली की प्रत्येक घडीत पांढरा थर अडकला. ज्या सवयींवर काळ्या रबराचं पोट चालतं, त्याच पारदर्शक माल बिघडवतात. म्हणून फॉर्म्युल्याआधी सवयी तपासा.

सोल दुधाळ का दिसतो

रबर स्वतः बऱ्यापैकी आरपार असतं. त्यातला प्रकाश वाकण्याचा आकडा, म्हणजे अपवर्तनांक, नैसर्गिक रबरासाठी साधारण १.५२ आहे. आत घातलेल्या पावडरीचा आकडा याच्या जितका जवळ, तितका प्रकाश सरळ जातो. काळा रंग न देता रबराला ताकद देणाऱ्या सिलिका या पांढऱ्या पावडरीचा १.४६ च्या आसपास आहे, म्हणजे जवळ. मॅग्नेशियम कार्बोनेट त्याहून जवळ. झिंक ऑक्साइड मात्र २.० च्या घरात, आणि रुटाइल जातीचं टायटॅनियम डायऑक्साइड २.७ च्या. शेवटचे दोन तर भिंतीच्या पांढऱ्या रंगात झाकणशक्तीसाठीच घालतात.

इथे सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे झिंक. काळ्या कंपाउंडमध्ये, म्हणजे मसाला मिसळलेल्या रबरात, माल पक्का व्हायला मदत करणारं झिंक ऑक्साइड शंभर भाग रबराला पाच भाग ही हाताला बसलेली सवय आहे. पारदर्शक मालात तेवढं घातलं की विषय संपला. अ‍ॅक्टिव्ह जातीचं, बारीक कणांचं झिंक ऑक्साइड एक ते दीड भाग पुरतं. किंवा झिंक कार्बोनेट वापरा. ते रबरात जास्त आरपार राहतं. खडूची पावडर आणि क्ले ही स्वस्ताई करणारी भर तर पूर्ण बंद.

रबरांची जोडीही बघून लावा. नैसर्गिक रबर आणि पॉलिब्युटाडाइन हे कृत्रिम रबर यांचे आकडे जवळजवळ सारखे, म्हणून ती जोडी स्वच्छ राहते, शिवाय पॉलिब्युटाडाइनमुळे घासझीज कमी होते. नेहमीचं एसबीआर, म्हणजे दुसरं एक कृत्रिम रबर, १.५३ च्या पुढे जातं. नैसर्गिक रबरात ते मिसळलं की दोन्ही वेगवेगळी आरपार असूनही एकत्र धुरकट दिसतात. “थोडं एसबीआर टाकून भाव जुळवू” हा सल्ला मला दोघांनी दिला होता. ऐकू नका.

सिलिका: खरं दुखणं इथे

कार्बन ब्लॅक, म्हणजे रबराला काळं करणारी काजळी, रबराशी लवकर जुळवून घेतो. सिलिकाचं तसं नाही. तिच्या पृष्ठभागाला पाणी आवडतं, रबराला पाणी आवडत नाही. म्हणून तिचे कण आपसात गोळा होतात. एकेक मूळ कण वीस-तीस नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या लांबीपेक्षा (४०० ते ७०० नॅनोमीटर) कितीतरी लहान. तो एकटा असता तर दिसलाच नसता. पण गाठी राहिल्या की प्रकाश विखुरतो, आणि त्याच गाठींपासून सोल झिजायला आणि तडकायला लागतो. म्हणजे पारदर्शकपणा आणि टिकाऊपणा ही दोन वेगळी कामं नाहीत. मिक्सिंग चांगलं झालं तर दोन्ही एकदम मिळतात. ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

चूक एक: सगळी सिलिका एकाच वेळी निडरमध्ये, म्हणजे मिसळायच्या बंद यंत्रात, ओतणं. तीन हप्त्यांत घाला, आणि तेल पहिल्या हप्त्याबरोबर घालू नका. आधीच तेल पडलं की रबर मऊ पडतं, घासण्याचा जोर उरत नाही आणि गाठी तशाच राहतात.

चूक दोन: डायइथिलीन ग्लायकॉल किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल विसरणं. सिलिका एक्सिलरेटर, म्हणजे माल लवकर पक्का करणारं रसायन, शोषून घेते आणि माल प्रेसमध्ये कच्चा राहतो. मग माणसं एक्सिलरेटर वाढवतात, तो जिरेना झाला की वर पांढरी भुकटी फुटते, आणि ‘फॉर्म्युला खराब’ म्हणून शिक्का बसतो. सिलिकेच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के ग्लायकॉल घातलं की हे दुखणं मिटतं.

चूक तीन: सिलेन घातलं पण तापमानच गाठलं नाही. सिलेन हा सिलिका आणि रबर यांना बांधणारा दुवा आहे. साधारण १४० ते १५५ अंशांवर काही मिनिटं राहिलं तरच तो सिलिकेला धरतो. १६० च्या पुढे गेलात तर त्यातलं गंधक मोकळं होतं आणि माल निडरमध्येच भाजतो, म्हणजे साच्यात जाण्याआधीच पक्का होतो. शिवाय टायरमध्ये चालणारं चार गंधकाचं सिलेन स्वतःच पिवळसर असतं. सोलसाठी कमी मात्रा घ्या, नाहीतर दोन गंधकाचं घ्या.

आणि पावसाळा. जुलैत गोदामात उघडी पडलेली सिलिकेची पिशवी हवेतलं पाणी पिते. तेच पाणी प्रेसमध्ये वाफ होऊन सोलमध्ये बुडबुडे करतं. काळ्या सोलमधला बुडबुडा कापल्याशिवाय दिसत नाही, हा मात्र दुकानाच्या काचेतून दिसतो. पिशवी त्या दिवशीच संपवा. साचा बंद केल्यावर प्रेस दोन-तीनदा सोडून हवा काढा.

आपलं पाणी, आपला उन्हाळा

शंखजिरं बंद केल्यावर मी साबणाच्या पाण्यात शीट बुडवायला लागलो. नवीच आफत! आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यात साबण फाटतो, त्याची पांढरी साय शीटवर बसते. स्वच्छ पॉलिथिन मध्ये घालून शीट रचणं हा सगळ्यात साधा उपाय ठरला. बुडवायचंच असेल तर आरओचं पाणी घ्या.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून मिलच्या रोलला येणारं पाणीच कोमट असतं, मग रोल थंड होणार कसे? ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की माल भाजायला लागणारा वेळ निम्मा होतो. काळ्या मालात थोडा भाजलेला तुकडा खपून जातो. इथे तो जेलीच्या गोळीसारखा दिसतो. आम्ही मेमध्ये गंधक आणि एक्सिलरेटर घालायचं काम पहाटे पाचला सुरू करतो. लाईट गेली आणि मिक्सिंग अर्धवट अडकलं, तर तो गोळा पारदर्शक बॅचमध्ये परत घालू नका.

पिवळा, तपकिरी

ज्या मिलवर काळा माल चालतो त्या मिलवर पारदर्शक माल चालवायचा नाही. धुऊन, पुसून, कच्चं रबर फिरवून साफ केलं तरी कार्बन ब्लॅकची काजळी बेअरिंगच्या कडेतून, छताच्या पत्र्यावरून, कामगाराच्या बाहीवरून येतेच. वेगळी मिल परवडत नसेल तर हे काम तूर्त घेऊ नका, असंच मी सांगेन.

पुढचा दोषी अँटिऑक्सिडंट, म्हणजे रबर लवकर कुजू न देणारं रसायन. टायरमध्ये ओझोनपासून वाचवणारं ६पीपीडी फार कामाचं, पण उन्हात ते तपकिरी होतं आणि शेजारच्या वस्तूलाही डाग लावतं. सोलसाठी स्टायरिनेटेड फिनॉलसारखं डाग न देणारं घ्या. तेलाचंही तसंच: अ‍ॅरोमॅटिक तेल काळं असतं, नॅप्थेनिक किंवा पॅराफिनिक वापरा.

एक चूक मला कुणीच सांगितली नव्हती. साचे आम्ही पितळी ब्रशने घासायचो. पितळेत तांबं असतं. झेडडीबीसीसारख्या डायथायोकार्बामेट एक्सिलरेटरशी तांब्याची गाठ पडली की गडद तपकिरी डाग पडतो, शिवाय तांब्यामुळे नैसर्गिक रबर लवकर कुजतं. ब्रश बदलला, डाग गेले. ब्रशबरोबर साच्याकडेही बघा: खरखरीत साच्यातून निघालेला सोल आतून कितीही स्वच्छ असला तरी वरून धुरकट दिसणार. पॉलिश करून क्रोम चढवलेला साचा लागतो.

किंचित पिवळी झाक राहिलीच तर आपल्या घरातलीच युक्ती चालते. पांढऱ्या धोतराला जशी नीळ, तसा अल्ट्रामरिनचा अगदी चिमूटभर अंश. जास्त झाला की सोल मळका दिसतो.

गंधकाऐवजी पेरॉक्साइडने क्युअर, म्हणजे पक्कं, केलं तर रंग जास्त स्वच्छ येतो, पण त्याच्या अटी आहेत. हवा लागली की पृष्ठभाग चिकट राहतो. डायक्युमिल पेरॉक्साइड वापरलं तर मागे अ‍ॅसिटोफिनोनचा वास रेंगाळतो. नैसर्गिक रबराची फाटण्याला टक्कर देण्याची ताकदही घटते. लहान मुलांच्या चपलेला चालेल, शेतात वापरायच्या बुटाला मी देणार नाही.

रंग

पारदर्शक आणि रंगीत दोन्ही हवं असेल तर लोह ऑक्साइडचा रंग घेऊ नका, तो झाकतो. फ्थॅलोसायनिन निळा आणि हिरवा चांगले. त्यांच्यात तांबं असतं, पण रेणूत पक्कं बांधलेलं. रबरासाठीचीच प्रत मागा, म्हणजे मोकळं तांबं नसेल. कोरडी पावडर सरळ मिलवर टाकली की ठिपके राहतात, म्हणून आधी थोड्या रबरात दाट रंग कालवून मास्टरबॅच करा. शिशाचा पिवळा रंग स्वस्त मिळतो. मुलांच्या पायात जाणाऱ्या वस्तूत तो घालायचा नाही.

टायरचं काय?

अगदी सुरुवातीचे टायर फिकट रंगाचे असायचे. कार्बन ब्लॅकने झीज रोखली, सूर्याचे अतिनील किरण अडवले, उष्णता आणि स्थिर वीज वाहून नेली; म्हणून टायर काळा झाला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गुडइयरने पॉलियुरेथेनचे आरपार टायर करून आत दिवे लावून दाखवले होते. ओल्या रस्त्यावरची पकड आणि जोराच्या ब्रेकची उष्णता, इथे ते अडले. मिशेलिनने १९९२ मध्ये सिलिकेचा कमी इंधन खाणारा टायर बाजारात आणला, पण तोही दिसायला काळाच.

म्हणून मोटारीच्या पारदर्शक टायरच्या मागे लहान कारखान्याने लागू नये. सायकलचे रंगीत टायर, व्हीलचेअरची राखाडी चाकं, गोदामात काळे पट्टे न सोडणारी फोर्कलिफ्टची चाकं ही आपल्या आवाक्यातली कामं. फक्त लक्षात ठेवा, कार्बन ब्लॅक नसलेलं चाक वीज वाहून नेत नाही. जिथे ठिणगीने पेटणारी सॉल्व्हंटची वाफ असेल तिथल्या फोर्कलिफ्टला असं चाक देताना ग्राहकाला हे लेखी सांगा आणि वीज जमिनीत सोडायची वेगळी सोय करायला लावा.

माल देण्याआधी

सहा मिलिमीटर जाडीच्या सोलखाली वर्तमानपत्र ठेवा. मजकूर वाचता आला पाहिजे. घासझीजेची चाचणी प्रयोगशाळेतून करून घ्या: ड्रमवरच्या खरखरीत कागदावर १० न्यूटन दाबाने ४० मीटर घासून किती घन मिलिमीटर रबर गेलं ते मोजतात. ७० अंशांच्या ओव्हनमध्ये सात दिवस ठेवून रंग आणि ताण पुन्हा बघा.

आणि एक जोड गच्चीवर ठेवा, अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून. मेच्या उन्हात महिन्याभराने पुठ्ठा उचलला की झाकलेला आणि उघडा भाग शेजारी-शेजारी दिसतो. मी एकदा घाईत ही पायरी गाळली. सोल ठीक निघाले, पण ते चिकटवायला वापरलेला पॉलियुरेथेन गोंद उन्हाने पिवळा पडला आणि आरपार सोलमधून त्याचे ब्रशचे फटकारेसुद्धा दिसायला लागले. चारशे जोड परत आले. आता गच्चीवर नुसता सोल ठेवत नाही, गोंद लावलेला पूर्ण बूट ठेवतो.