घरी रक्तदाब कसा मोजावा आणि त्या आकड्यांचे काय करावे

घरी मोजलेला रक्तदाब चुकतो तेव्हा तो बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा जास्तच निघतो. लहान पट्टा, लोंबता हात, नुकताच जिना चढून आलेला माणूस, या सगळ्या गोष्टी आकडा वरच ढकलतात. मग उगीच धास्ती बसते किंवा गरज नसताना गोळी वाढते. हेच मोजमाप नीट केले, तर आठवडाभराच्या घरच्या नोंदी दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा जास्त भरवशाच्या ठरतात.

मशीन आणि पट्टा

दंडावर पट्टा बांधायचे ऑटोमॅटिक मशीन घ्या. मनगटाचे मशीन वापरायला सोपे असते, पण मनगट जरा खाली-वर झाले की आकडा बदलतो. बोटाला लावायच्या मशीनच्या वाटेला जाऊच नका.

पट्ट्याच्या मापाकडे कोणी बघत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर टेपने मोजा. मशीनसोबत बरेचदा २२ ते ३२ सेंमी घेरासाठीचा पट्टा येतो. नेमकी मर्यादा पट्ट्यावर छापलेली असते. दंड ३५ सेंमीचा असेल तर मोठा पट्टा वेगळा घ्यावाच लागतो. आतली हवेची पिशवी दंडाचा साधारण ८० टक्के घेर व्यापायला हवी. पिशवी आखूड असली की धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि मशीन तोच दाब तुमचा म्हणून दाखवते. पट्टा फार मोठा असेल तर उलटे होते, आकडा कमी येतो.

मोजायचे कसे

१. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम यांपैकी काहीही नको. लघवीला जाऊन या. भरलेल्या मूत्राशयानेही दाब वाढतो.

२. पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसा. पावले जमिनीवर सपाट ठेवा, पायावर पाय नको. पाच मिनिटे नुसते बसा. मोबाइलही बाजूला.

३. पट्टा उघड्या दंडावर बांधा. घट्ट बाही वर गुंडाळली की तीच दंड आवळते, त्यापेक्षा हात बाहीतून बाहेर काढलेला बरा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंमी वर यावी, नळी दंडाच्या आतल्या बाजूला यावी आणि पट्ट्याखाली दोन बोटे जेमतेम सरकावीत.

४. हात टेबलावर सैल टेकवा. पट्टा हृदयाच्या पातळीत हवा. टेबल बुटके असेल तर हाताखाली उशी घ्या. हात १० सेंमी खाली असला तर आकडा सात-आठने वाढतो, कारण तेवढ्या उंचीच्या रक्ताच्या स्तंभाचा भार त्यात मिळतो.

५. बटण दाबल्यावर बोलू नका. मशीन काही ऐकत नाही. पट्ट्यातली हवा सुटताना धमनीच्या भिंतीची थरथर पकडून हिशेब मांडते. हललात तर त्यात दुसरीच थरथर मिसळते. शिवाय बोलण्याने खरा दाबही चढतो.

६. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे लिहा. १३८ला १४० करू नका, आणि वाईट दिसलेला आकडा गाळूही नका.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा आणि पुढे जास्त आकडा येणारा हात कायम ठेवा. दोन हातांत दर वेळी १५ किंवा अधिक फरक पडत असेल तर डॉक्टरांना सांगा. डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांची जोडणी, केलेल्या हातावर पट्टा बांधू नये. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूविषयी आधी विचारून घ्या.

सात दिवसांचा हिशेब

सकाळी उठल्यापासून तासाभरात, नाश्ता आणि रक्तदाबाची गोळी यांच्या आधी दोनदा. संध्याकाळी पुन्हा दोनदा. असे सात दिवस. पहिला दिवस सोडून द्या, त्या दिवशी माणूस मशीनलाच बिचकतो. उरतात सहा दिवसांचे २४ आकडे. समजा वरच्या आकड्यांची बेरीज ३३१२ आणि खालच्यांची २०६४ आली. २४ने भागले की सरासरी १३८/८६.

प्रौढांसाठी घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर तो वाढलेला रक्तदाब मानतात; दवाखान्यात हीच सीमा १४०/९० असते. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती आणखी खाली, १३०/८० आहे. दोनपैकी एकच आकडा सीमेवर गेला तरी तो धरायचा. वरच्या उदाहरणातला माणूस एकदा दवाखान्यात गेलेला बरा, मात्र धावत जायचे कारण नाही.

दवाखान्यात जास्त आणि घरी बरोबर येणाऱ्यांना कदाचित गोळी लागणार नाही, पण वर्षातून एकदा हा आठवडा पुन्हा करावा. उलट प्रकार जास्त फसवा. दवाखान्यात सगळे ठीक आणि घरी मात्र चढलेला, असा रक्तदाब वर्षानुवर्षे ध्यानातच येत नाही.

गोळी चालू असताना चांगले आकडे आले म्हणून ती बंद करू नका. ते आकडे गोळीमुळेच आलेले असतात. अचानक आकडे चढले तर गोळ्यांचा डबा बघा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, नाक मोकळे करणारी सर्दीची औषधे, स्टेरॉइड आणि काही गर्भनिरोधक गोळ्या रक्तदाब वाढवतात. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात पाकिटबंद खाण्यातले मीठही आले.

उठताना भोवळ येत असेल तर आधी बसून मोजा, मग उभे राहून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १०ने उतरला तर औषधांचा पुनर्विचार हवा. मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसली तर ईसीजी काढून घ्या. अशा हृदयात प्रत्येक ठोक्याचा जोर वेगळा असतो, म्हणून दोनऐवजी तीन वेळा मोजून सरासरी काढा.

कधी थांबायचे नाही

आकडा १८०/१२०च्या वर दिसला तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला पण त्रास काही नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. मनाने जादा गोळी घेऊ नका. दाब झपाट्याने उतरला तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूची ताकद जाणे, बोबडी वळणे, दिसेनासे होणे किंवा असह्य डोकेदुखी यांपैकी काही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. गरोदरपणात १४०/९० दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. १६०/११० म्हणजे तातडीची वेळ.

वर्षातून एकदा मशीन सोबत नेऊन दवाखान्यातल्या मशीनशी आळीपाळीने ताडून पाहा. फरक पाचच्या आत असेल तर उत्तम. दर वेळी दहाहून जास्त निघाला तर मशीन टाकण्याआधी पट्टा तपासा: चिकटणारी पट्टी झिजलेली असते किंवा नळी जोडाशी चिरलेली, आणि नवा पट्टा स्वतंत्र मिळतो.