हाडांची तपासणी करताय? मग या चुका टाळा

इंदूरात रामबागेकडच्या आपल्या मराठी घरांमधे साठीच्या पुढच्या काकू-मावश्यांना हाडं कशी आहेत विचारलं की उत्तर हमखास गुडघ्यांचं येतं. गुडघे दुखतात म्हणजे हाडं ठिसूळ, नाही दुखत म्हणजे ठणठणीत! पण गुडघेदुखी बहुतेक वेळा सांध्याची झीज असते, तो आजारच वेगळा. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं, दुखत नाही, हाड आतून विरळ होत जातं आणि कळतं ते बाथरूममधे नुसतं घसरून मनगट मोडल्यावर. मणक्याचं फ्रॅक्चर तर कित्येकदा कळतही नाही, पाठ भरली म्हणून बाम चोळणं चालू राहतं. म्हणून तरुणपणापेक्षा उंची ४ सेंमीच्या आसपास कमी झाली असेल, पाठीला बाक येत असेल, तर वय झालं म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सांगून मणक्याचा एक्सरे काढून घ्या.

दुसरं म्हणजे आरोग्य कॅम्पमधली टाचेवरून हाडं तपासायची मशीन. तिच्यावरून फार तर अंदाज येतो, निदान होत नाही, त्यासाठी कंबर आणि खुब्याचा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्सरे, लागतो. आणि रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून खुश होऊ नका, ते कमी पडलं की शरीर हाडांतूनच काढून घेतं, त्यामुळे हाडं पोकळ होत असली तरी रिपोर्ट छान दिसतो.

आता रिपोर्ट वाचण्यातली चूक, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डेक्साच्या रिपोर्टमधे टी-स्कोर असतो, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली घनता किती ते. तो उणे १ किंवा वर म्हणजे नॉर्मल, उणे १ ते उणे २.५ च्या मधे म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलीत, आणि उणे २.५ किंवा खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. समजा कमरेला उणे १.४ आहे आणि खुब्याच्या मानेला (मांडीच्या हाडाचा वरचा निमुळता भाग) उणे २.७, तर घरचे वरचा आकडा बघून कागद फाइलीत ठेवून देतात. धरायचा असतो सगळ्यात कमी आकडा! म्हातारपणी मणक्यांना काटे, म्हणजे हाडाची जास्तीची टोकं, येतात ना, त्याने कमरेचा आकडा उगाच चांगला दिसतो. आणि साध्या पडण्याने खुबा मोडला असेल तर स्कोर काहीही असो, उपचार हवाच. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर करा, नाहीतर तुलनाच होत नाही.

पुरुषांनाही हे होतं बरं का, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी तीन महिन्यांहून जास्त स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर काकांचीही तपासणी करा.

औषधांतही गोंधळ होतात. डी व्हिटॅमिनची ६०,००० युनिटची पुडी साधारण आठवड्यातून एकदा असते, रोज घेतली तर किडनीवर बेतू शकतं. अ‍ॅलेंड्रोनेटची (हाडं विरळ होणं रोखणाऱ्या औषधाची) आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा-पोहे त्यानंतर, नाहीतर गोळी लागू पडत नाही आणि अन्ननलिका जळते ते वेगळंच. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात चार तास जाऊ द्या.

आणि ऑस्टिओपोरोसिससाठी डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल तर दर सहा महिन्यांची तारीख अजिबात चुकवू नका, ते मधेच बंद झालं तर मणके पटापट मोडू शकतात, तेव्हा मुलाकडे पुण्याला राहायला जायचं असेल तर तिथली सोय डॉक्टरांना विचारून आधीच करून ठेवा.