कोंब उजेडाकडे वळतो ते दाखवायचंय? आधी एवढं जमवा

नागपुरात हा प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावा. मे महिन्यात पारा 45च्या घरात जातो, बंद खोक्यात कोंब करपतात नाहीतर सडतात. आणि कूलरसमोर ठेवले तर वाऱ्याने कलले की उजेडाने, याचा पत्ता लागत नाही.

किराण्यातला गहू चालतो. फुटके-किडके वेचून 40 दाणे रात्रभर भिजवा आणि बुडाला भोक पाडलेल्या चार कागदी पेल्यांत दहा-दहा लावा, सेंटिमीटरभर खोल. अंगणातली काळी माती नको, वाळली की भेगाळते आणि कोंब आपसूक तिरके होतात. धुतलेली रेती घ्या. पाणी आधीच पुरेसं द्या, कारण पुढे सगळं अंधारात वाढवायचं आहे.

दोन खोकी लागतील, बुटांची. हिवाळ्यात संत्र्याची खोकी घरोघरी पडलेली असतात, पण त्यांना हवेसाठी भोकं असतात. आतून काळा कागद लावा. एकाच खोक्याला, कोंबाच्या शेंड्याच्या उंचीवर, 2 सेंटिमीटरचं भोक पाडा. दुसरं ठार बंद.

खरी कसोटी टोप्यांची. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 मध्ये दाखवलं की उजेड शेंड्याला कळतो, वाकतो मात्र खालचा भाग. फॉइलचा तुकडा उदबत्तीच्या काडीवर गुंडाळून वरचं तोंड चिमटा, 5 मिलिमीटरची टोपी होते. एका पेल्यात शेंड्यांवर टोप्या, दुसऱ्यात शेंडा उघडा ठेवून बुडाशी फॉइलची पट्टी, तिसरा तसाच. हे तीन भोकाच्या खोक्यात, चौथा बंद खोक्यात. टोपी घट्ट बसवली की शेंडाच मोडतो, म्हणून दोन-चार जास्तीच्या करून ठेवा. कोंब दीड-दोन सेंटिमीटरचे असतानाच हे करायचं. कोंबाभोवतीचं पांढरट म्यान फाडून हिरवं पान बाहेर आलं की उशीर झाला.

हाताळताना टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाचे दोन थर लावा. वाकवतो तो निळा प्रकाश, लालाला कोंब फारसे जुमानत नाहीत. भोकासमोर फूटभरावर साधा 9 वॅटचा एलईडी दिवा पुरे. ऊन नको, खोकं तापतं. तीन-चार तासांनी झाकण काढा.

तक्त्यावर ‘उजेडाची बाजू आकसते’ असं हमखास लिहिलं जातं. ते खोडा. ऑक्झिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, सावलीच्या बाजूला जास्त जमतं, तिथल्या पेशी जास्त लांबतात. मागे आलेखाचा कागद उभा करून फोटो बाजूने काढा. वरून काढलेल्या फोटोत कोन मोजता येत नाही.