घंटा वाजण्याआधी: स्टेशन ऑफिसरची उन्हाळी तयारी

होळी झाली की नागपुरात आगीचे कॉल वाढायला लागतात. एप्रिल-मेमध्ये एकाच पाळीत दोन ठिकाणी गाड्या धावतील हे गृहीतच धरायचं. पंप, होज (पाण्याचा लांब पाइप), ब्रँच (होजच्या टोकाची, झोत मारायची नळी), शिड्या यांची तपासणी मार्चमध्ये होतेच आणि तिचं रजिस्टरही असतं. जागेवर पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत अधिकाऱ्याला जे निर्णय घ्यावे लागतात, त्यांच्या तयारीचं मात्र रजिस्टर नसतं. ते निर्णय धुरात उभं राहून सुचत नाहीत, आधी ठरलेले असले तरच आठवतात. अग्निशमन केंद्राचा नव्याने चार्ज घेतलेल्या स्टेशन ऑफिसर आणि सब ऑफिसर मंडळींसाठी ही यादी.

माणूस आत कशासाठी पाठवायचा, हे सगळ्यात आधी ठरवा आणि हजेरीच्या वेळी सगळ्या पाळीला मोठ्याने सांगा. आत जिवंत माणूस असेल, किंवा असण्याची खरी शक्यता असेल, तर मोठा धोका पत्करायचा. माल वाचवायचा असेल तर मोजूनमापून जायचं. वाचवण्यासारखं काही उरलंच नसेल तर एकही माणूस छपराखाली जाणार नाही. ऐकायला हे सोपं वाटतं. पण इतवारीत गोदाम पेटलेलं असतं, मालक हात जोडून समोर उभा असतो, मागून गर्दी ओरडत असते की हे लोक नुसते उभे आहेत, आणि तुमच्याच पोरांना आत शिरायची घाई झालेली असते. त्या क्षणी नियम नव्याने पटवून देता येत नाही. भांडेवाडीच्या कचरा डेपोला आग लागली तर ती दिवस-दिवस चालते. तिथे घाई करून कोणाचा जीव वाचणार नसतो, म्हणून वाऱ्याच्या वरच्या बाजूने, मास्क लावून, पाळ्या बदलत सावकाश काम करायचं.

दुसरं काम पायी करायचं आहे. गांधीबाग, इतवारी, महालच्या गल्ल्या भर बाजाराच्या वेळी चालून या. रविवारच्या रिकाम्या रस्त्यावर मोठी गाडी आरामात वळते, संध्याकाळी सहाला हातगाड्या आणि लावलेल्या दुचाक्यांमधून ती शिरत नाही. कुठे छोटी गाडी न्यायची आणि कुठून होज टाकत जायचं, ते वहीत लिहून ठेवा. गोदामात काय भरलंय तेही विचारा. कापसाच्या गाठी पाणी पितात, जड होतात, फुगतात आणि भिंतीला बाहेर ढकलतात. वरून आग विझलेली दिसते, पण गाठीच्या पोटात ती धुमसतच असते. म्हणजे तुम्ही जितकं पाणी ओतता तितकी ती जुनी भिंत धोक्यात येते, आणि हे ब्रँच धरणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. कळमन्याच्या बाजारात मिरची पेटली तर बाहेर पंपावर उभ्या असलेल्या माणसालाही श्वसनसंच (पाठीवरच्या सिलिंडरमधून मास्कमध्ये हवा देणारा) लागतो. लकडगंजच्या आरा गिरण्यांमध्ये आग शेजारच्या लाकडाच्या थप्पीवर उडी मारते, त्यामुळे पहिली ब्रँच कुठल्या बाजूला लावायची हे वाऱ्यावरून ठरतं. पत्र्याच्या शेडचं लोखंड साधारण ५५० अंशांना आपली निम्मी ताकद घालवतं आणि खाली येण्याआधी आवाज देईलच असं नाही. भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतरात कोणी उभं राहायचं नाही, हे अंतर डोळ्याने मोजायची सवय स्टेशनच्याच भिंतीवर करून घ्या. मुंबईत काळबादेवीला ९ मे २०१५ रोजी इमारत कोसळून अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले, आणि ते अनुभवी होते.

पाण्याचा हिशेब तोंडपाठ हवा. ४,५०० लिटरची गाडी आणि मिनिटाला ४५० लिटर टाकणारी एक ब्रँच म्हणजे १० मिनिटं, दोन ब्रँच म्हणजे ५. पुढची गाडी यायला १५ मिनिटं लागणार असतील तर दुसरी ब्रँच उघडण्याचा हुकूम तुम्ही कशाच्या भरवशावर देताय? माणसं आत असताना पाणी संपणं ही सगळ्यात वाईट वेळ. हायड्रंट, विहिरी, मोठ्या टाक्या यांतलं आज खरोखर काय चालू आहे ते मार्चमध्ये स्वतः उघडून बघा. मेमध्ये विहिरीची पातळी वेगळी असते, तेव्हा परत एकदा बघा.

आता श्वसनसंच. इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त जीव या हिशेबावर टांगलेले असतात. ६ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला भरला की १,८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं, आणि कागदावर तेच लिहिलेलं असतं. मे महिन्यात पाण्याने भरलेली होज ओढत तिसऱ्या मजल्यावर चढणारा माणूस ६० लिटर सहज घेतो, म्हणजे अर्धा तास. हवा संपत आल्याचा इशारा देणारी संचाची शिट्टी साधारण ५५ बारला वाजते. तेव्हा उरलेली हवा ३३० लिटर, म्हणजे साडेपाच मिनिटं. म्हणून शिट्टी वाजल्यावर निघायचं हा हिशेबच चुकीचा आहे. शिट्टी वाजेल तेव्हा माणूस दाराबाहेर असला पाहिजे. आगीपर्यंत पोचायला ६० बार गेले असतील तर परतीला ६० आणि वर शिट्टीचे ५५, मिळून ११५. काटा १२० वर आला की जोडीने वळायचं, मग आग हातात आलेली का असेना. प्रत्येकाला ही बेरीज मास्क लावून, बोलत-बोलत करायला लावा. २७० बारच्या खाली असलेला सिलिंडर आत जाणार नाही, हाही नियम लिहून टाका.

दारावर एक बोर्ड आणि एक माणूस. नाव, किती दाबाने आत गेला, किती वाजता गेला, किती वाजता बाहेर हवा. त्या माणसाला दुसरं काहीही काम सांगायचं नाही, पंप तर अजिबात नाही. त्याच्या शेजारी दोघं पूर्ण तयारीत, मास्क गळ्यात, फक्त आतल्यांना काढण्यासाठी. मनुष्यबळ कमी आहे म्हणून हे दोघं पहिल्यांदा गाळले जातात. माझं मत स्पष्ट आहे: हे दोघं उभे करता येत नसतील आणि आत कोणाचा जीव अडकलेला नसेल, तर बाहेरूनच लढा.

हुकूम एकाचाच. पहिला पोचणारा अधिकारी चार्ज घेतो आणि तसं वॉकीटॉकीवर बोलून सांगतो. मोठे साहेब आले तर समोरासमोर माहिती देऊन चार्ज सोपवायचा, आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. एका माणसाच्या हाताखाली साधारण पाच जण, त्यापेक्षा जास्त झाले की मागची बाजू दुसऱ्याकडे द्या. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीच्या गाड्या आल्या तर कोणत्या चॅनलवर बोलायचं, ते आजच फोन करून ठरवा. वीज बंद झाल्याचा निरोप आला की कोणी सांगितलं त्याचं नाव विचारा. नाव नसेल तर लाइन चालू आहे असंच धरा.

आतून लढायचं की बाहेरून, यापैकी एका वेळी एकच. आत पोरं असताना वरून मोठा झोत मारला की आग, वाफ आणि छप्पर सगळं त्यांच्यावर येतं.

स्फोटकांचा कॉल वेगळ्या पानावर ठेवा. अमरावती रस्त्याने बाजारगावकडे कारखाने आहेत. १७ डिसेंबर २०२३ च्या तिथल्या स्फोटात ९ कामगार गेले. आग स्फोटकांपर्यंत पोचली असेल तर ती विझवायला जायचं नाही. भरलेल्या ट्रकच्या बाबतीत १,६०० मीटर रिकामं करायचं आणि आपणही त्याबाहेर राहायचं. १४ एप्रिलला, अग्निशमन सेवा दिनी, आपण ज्यांना सलामी देतो ते जवान १९४४ मध्ये मुंबई गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर पाणी मारत होते. त्या जहाजात कापसाच्या गाठीही होत्या आणि स्फोटकंही. जहाज बुडवायचं की ओढून बाहेर न्यायचं, याचा ठाम हुकूम वेळेत झाला नाही, आणि ६६ जवान गेले. सलामीच्या दिवशी पाळीला हे सांगा.

उन्हाचं थोडक्यात. ४५ अंशांत, अंगावर पूर्ण सूट, मग एका सिलिंडरनंतर सावलीत बसवणं सक्तीचं: सूट उघडून, ओआरएस देऊन. ‘मी ठीक आहे साहेब’ हे उत्तर धरायचं नाही, नाडी बघायची.

आणि बाहेर पडण्याचा इशारा. वॉकीटॉकीवर तीनदा हुकूम आणि सोबत सगळ्या गाड्यांचे हॉर्न, असं काहीतरी एक ठरवा आणि एकच ठेवा. मग यार्डात पंप चालू ठेवून, मास्कच्या काचा कागदाने झाकून जोड्या आत सोडा आणि मध्येच इशारा द्या. किती जणांना ऐकू गेला, ब्रँच जागेवर टाकून किती जण निघाले आणि बोर्डावरची नावं पुरी व्हायला किती वेळ लागला, ते घड्याळ लावून लिहा. जो ब्रँच ओढत बाहेर येतो त्याला परत आत पाठवा, आणि ती टाकून येईपर्यंत सराव चालू ठेवा.