पान उघडेना, रांग हलेना: मदतपुस्तिका लिहिताना या चुका टाळा

दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरची मदतपुस्तिका मी कोल्हापुरात, राजारामपुरीत बसून लिहितो. ऑफिसात फायबरचं नेट. वापरणारे मात्र गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडाकडच्या दूध संस्थांचे सचिव. पावसाळ्यात तिकडं लाईट गेली की थोड्या वेळानं टॉवरही मान टाकतो.

गेल्या पावसाळ्यात सकाळी सहाला गगनबावड्याकडच्या एका सचिवांचा फोन आला. "सर, पावती छापंना झालीया. तुमचं पान उघडाय लावलंय, तर नुसतं चाक फिरतंय. हितं माणसं किटल्या घेऊन उभी हाईत."

पान कसलं, ४ एमबीची पीडीएफ होती ती. मीच चढवलेली.

रोजचा डेटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. ८ बिटचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. ४ एमबीला साडेआठ मिनिटं, तीही रेंज टिकली तर. उलट वेबपानांच्या यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटचं. हजार चिन्हांचं उत्तर ३ किलोबाइटमध्ये बसतं. म्हणून जाडजूड पीडीएफ नको. एका अडचणीला एक साधं पान, आणि उपाय पहिल्याच ओळीत. प्रस्तावना वाचायला तिथं कुणी थांबत नाही.

‘चित्रात दाखवल्याप्रमाणे बटण दाबा’ हे वाक्य मी शंभरदा लिहिलं असेल. चित्र आलंच नाही तर त्याला काडीचा अर्थ उरत नाही. ‘वर उजव्या कोपऱ्यातलं हिरवं पावती बटण दाबा’ असं लिहा. चित्र हवंच असेल तर अख्खा स्क्रीन न टाकता बटणापुरतं कापा आणि वेबपी या हलक्या चित्र-फॉरमॅटमध्ये साठवा. व्हिडिओ असला तरी पायऱ्या खाली लिहाच. वेगळा फॉन्टही लादू नका, अँड्रॉइडमध्ये देवनागरी असतेच.

सगळ्यात हास्यास्पद चूक: ‘नेट नसल्यास काय करावे’ हे पान फक्त नेटवर! आमचंही तसंच होतं. आता ते सॉफ्टवेअरमध्येच आहे. नेहमीच्या अडचणींना एसएमएस ठेवलेत. मराठी एसएमएस ७० चिन्हांचा, काना-मात्रा वेगळ्या मोजून. ‘प्रिंटर बंद करा, १० सेकंद थांबा, केबल घट्ट बसवा, चालू करा.’ ही ५८ झाली.

तपासताना क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये वेग ६४ केबीपीएसवर बांधा आणि कॅशे, म्हणजे आधी उघडलेल्या पानांचा साठा, बंद करा. नाहीतर काल उघडलेलं पान आज झटकन येतं आणि आपण खूश.

एक छापील कागदही संस्थांना दिला. त्या सचिवांनी तो फॅट मशीनच्या वर चिकटवलाय आणि डोक्यावर पेनानं लिहिलंय, ‘आदी लाईट हाय का बघा.’ पुस्तिकेत ही पायरी नव्हती. आता पहिली आहे.