स्टिअरिंग ओढतंय, पुढून खडखडतंय? आधी ढिलाई शोधा, अलाइनमेंट शेवटी

गाडी एका बाजूला ओढायला लागली की बहुतेक जण थेट अलाइनमेंटला जातात. मशीनवर आकडे हिरवे होतात, चार दिवस गाडी सरळ चालते. मग कासची एक फेरी होते किंवा गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यांवर पंधरा दिवस जातात आणि पुन्हा तेच. यात मशीनचा दोष नसतो. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. ते कोन धरून ठेवायचं काम टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा), बॉल जॉइंट (चाकाकडचा गोळीचा सांधा) आणि लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या खालच्या हाताच्या, बुशचं (रबरी सांध्याचं). हेच ढिले असतील तर जुळवलेला कोन पहिल्या मोठ्या खड्ड्यापर्यंतच टिकणार. त्यामुळे क्रम पक्का ठेवा: आधी हवा आणि टायर, मग ढिलाईचा शोध, मग खराब भाग बदलणं आणि सगळ्यांत शेवटी अलाइनमेंट.

खालची माहिती पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) असलेल्या छोट्या-मध्यम गाड्यांसाठी आहे. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान यातच येतात.

गाडी चालवून दोष कुठे आहे ते ओळखा

चारही चाकांत गाडीच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा, तीही टायर थंड असताना. पुढच्या दोन चाकांत ४-५ पीएसआयचा फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते. मग एखाद्या सपाट, मोकळ्या जागी चालवून बघा. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते केलेले असतात. डाव्या बाजूने चालणारी गाडी हात सोडल्यावर हळूहळू डावीकडे सरकते, तो दोष नाही. सपाट जागीही ओढत असेल तर पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र हा प्रयोग करू नका. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा आहे, बाकी काही उघडायची गरज नाही. ओढ त्याच बाजूला राहिली आणि पाच-दहा किलोमीटरनंतर त्या बाजूचं चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागलं, तर ब्रेक धरून राहतोय, कॅलिपर (डिस्क पकडणारा ब्रेकचा चिमटा) बघा.

८० ते १०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि वेग कमी केला की थांबतं, हा बहुधा बॅलन्सिंगचा, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसल्याचा दोष. पण पैसे देण्याआधी रिमच्या आतल्या बाजूला हात फिरवा. पाणंदीतून, शेतातून आलेल्या गाडीच्या रिममध्ये काळी माती थापली जाते आणि वाळून दगडासारखी बसते. मूठभर माती एकाच जागी बसली तरी हमरस्त्यावर स्टिअरिंग हातात नाचतं. पाण्याचा जोरदार फवारा मारा, उरलेली माती खरवडून काढा आणि पुन्हा चालवून बघा. फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथर होत असेल तर ती डिस्कची आहे, सस्पेन्शनची नाही.

आता आवाज. खडबडीत रस्त्यावर १५-२० च्या वेगाने, काचा खाली करून चाला. छोट्या-छोट्या खाचखळग्यांवर पटपट येणारी हलकी खडखड म्हणजे बहुतेक वेळा स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारची) लिंक रॉड. खड्ड्यात चाक गेल्यावर एकदाच जड 'धब्ब' असा आवाज आला तर लोअर आर्मचा बुश किंवा स्ट्रटचा वरचा माउंट. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं आणि वर बॉनेटकडून 'टुंग' असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला, तर माउंटमधली बेअरिंग अडकली आहे. अशा गाडीचं स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळही होत नाही. पूर्ण वळवून हळू गोल फिरताना कट-कट येत असेल तर ती ॲक्सलची सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा), तिचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसेल.

वेगाबरोबर वाढणारा घुमल्यासारखा आवाज व्हील बेअरिंगचा. कोणत्या बाजूची ते घाटात नीट कळतं. यवतेश्वर किंवा पसरणी चढताना डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. आवाज तेव्हा वाढला तर उजवी बेअरिंग, उजव्या वळणावर वाढला तर डावी. सांगली-मिरजेकडे घाट नाही, तिथे मोकळ्या रस्त्यावर ४०-५० च्या वेगाने हलकं डावं-उजवं केलं तरी फरक ऐकू येतो.

चाक उचलून तपासणी

सपाट, कडक जमीन हवी. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी गुटके लावा. जॅकने उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक स्टँड, म्हणजे गॅरेजमधली घोडी, चेसीच्या पक्क्या जागी लावा, गाडी तिच्यावर बसवा आणि मगच हात घाला. गाडीबरोबर आलेला कात्री जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो.

घड्याळाच्या तबकडीसारखं चाक समजा. नऊ आणि तीनला हात धरून आत-बाहेर हलवा. 'टक-टक' लागली तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (रॅक म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणारी आडवी दांडी, तिच्या टोकाचा आतला सांधा). दुसऱ्या माणसाला चाक हलवायला सांगून तुम्ही टाय रॉड एंडच्या सांध्यावर बोटं ठेवा. सांधा खराब असेल तर डोळ्याला दिसण्याआधी बोटाला कळतं. तिथे काही नसेल तर रॅकच्या रबरी बुटावरून आतली गोळी चिमटीत धरा आणि पुन्हा हलवायला सांगा.

मग बारा आणि सहाला धरून हलवा. ढिलाई लागली तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर व्हील बेअरिंग, तशीच राहिली तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रटचा माउंट. खात्रीसाठी चाक हवेत लटकलेलं असताना टायरखाली पहार घालून वर उचला आणि बॉल जॉइंटकडे बघा. मागे पाटे असलेल्या, पुढे दोन-दोन आर्मच्या जुन्या जीपवजा गाड्यांत स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर असतो. तिथे जॅक खालच्या आर्मखाली लावावा लागतो, नाहीतर भाराखाली दबलेली बॉल जॉइंट ढिली असूनही घट्ट वाटते.

लोअर आर्मचा बुश बघायला आर्म आणि फ्रेम यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी सळई) घालून हलका जोर द्या. रबर थोडं दबणारच, पण धातूच्या नळीपासून सुटलेलं किंवा आरपार चिरलेलं दिसलं तर तो गेला. वरवरच्या बारीक रेषांवरून बुश बदलू नका.

टायरही बोलतो. तळहात टायरवर आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा; एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो (वरून बघताना चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत तो कोन) बिघडला आहे. जागोजागी वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉकअप थकले आहेत किंवा बॅलन्सिंग फार दिवस झालेलं नाही. दोन्ही कडा घासल्या तर हवा कमी, मधला पट्टा घासला तर हवा जास्त.

लिंक रॉड: स्वस्त आणि घरी जमणारं काम

दोन्ही पुढची चाकं हवेत घ्या. एकच उचललं तर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि जुनी रॉड निघत नाही, नवी बसत नाही. नटवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. नट बहुधा १४ ते १७ चा असतो. तो फिरवताना आतली गोळी सोबत फिरते, म्हणून मधल्या षटकोनी खाचेत ॲलन की अडकवून धरावी लागते. गंजामुळे खाच गोल झाली तर वेळ घालवू नका, नट ग्राइंडरने कापा. जुनी रॉड फेकायचीच आहे. कापताना ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ओल्या फडक्याने झाका. दोन्ही बाजूच्या रॉड एकदम बदला.

टाय रॉड एंड

इथे हिशेब चुकला तर गाडी घरापासून अलाइनमेंटच्या दुकानापर्यंतसुद्धा सरळ जाणार नाही. जुन्या एंडचा लॉक नट फक्त पाव फेरा सैल करा, म्हणजे त्याची जागा खुणेसारखी राहते. उघड्या आट्यांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढा. स्प्लिट पिन काढा, मोठा नट काढा पण पूर्ण नाही, शेवटच्या दोन-तीन आट्यांवर राहू द्या, म्हणजे सांधा सुटताना उडणार नाही.

सांधा निमुळत्या खुंटीवर घट्ट बसलेला असतो. पुलर असेल तर उत्तम. नसेल तर नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या धातूच्या भागाच्या) ज्या कानात तो बसला आहे, त्या कानाच्या बाजूवर हातोडीचे दोन-तीन नेमके फटके मारा; धक्क्याने कान क्षणभर फाकतो आणि खुंटी सुटते. खालून आट्यांवर हातोडी मारायची सवय वाईट. आटे चेपतात, आणि जुनाच सांधा परत बसवायची वेळ आली तर नट चढत नाही.

आता एंड आट्यांवरून फिरवून काढताना पूर्ण फेरे मोजा आणि कागदावर लिहा. नवा एंड तितकेच फेरे आत घाला. हे आटे बहुतेक गाड्यांत दीड मिलिमीटर अंतराचे असतात. एक फेरा चुकला तरी त्या चाकाचा टो अर्ध्या अंशाहून जास्त हलतो, आणि टायरची कड दोन-चार हजार किलोमीटरमध्ये उडवायला तेवढं पुरतं. खुंटी आणि कानाचं भोक कोरड्या फडक्याने पुसा, तिथे ग्रीस लावायचं नाही. नट गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळा, मागे कधीही घेऊ नका. पिन नेहमी नवीन. नव्या एंडसोबत पिन न लागणारा नायलॉनचा नट आला असेल तर तोही एकदाच वापरायचा असतो.

लोअर आर्मचा बुश वर्षभरात पुन्हा का जातो

नवा, चांगल्या कंपनीचा बुश सहा-आठ महिन्यांत फाटला की दोष मालाला दिला जातो. बऱ्याचदा दोष आवळण्याच्या पद्धतीत असतो. या बुशच्या आत धातूची नळी आणि बाहेर धातूचं कडं असतं, मधलं रबर दोघांना चिकटवलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी फ्रेमला जाम होते आणि त्यानंतर आर्म जितका वर-खाली होईल तितकं रबर पिळतं. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली असताना बोल्ट पूर्ण आवळला तर रबराची 'सरळ' स्थिती लटकलेल्या आर्मची ठरते. गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं, वर खड्ड्यांचे धक्के. ते फाटणारच.

म्हणून बोल्ट आधी फक्त हाताने लागतील तेवढे आवळा. मग आर्मखाली जॅक लावून गाडीचं वजन त्यावर येईल इतका उचला, किंवा चाकं लावून गाडी रॅम्पवर उभी करा, आणि मगच पूर्ण टॉर्क द्या. गॅरेजमध्ये काम देत असाल तर एवढी एकच गोष्ट उभं राहून करून घ्या. मागच्या ॲक्सलच्या मोठ्या बुशलाही हाच नियम. बुश प्रेसवर दाबून बसवताना त्यावरचा बाण किंवा पोकळ भाग जुन्यासारखाच आला पाहिजे. आर्म काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

शॉकअप

कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीन वेळा झुलली तर शॉकअप नक्की गेले. न झुलणं ही मात्र ते चांगले असल्याची खात्री नव्हे. दांड्याजवळ तेलाचा हलका ओलसर थर चालतो, पण ओघळ खालच्या स्प्रिंगच्या वाटीपर्यंत आला असेल तर बदला, एका ॲक्सलचे दोन्ही. सोबत माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप (धक्का झेलणारं रबर) आणि धूळ कव्हर नवीन टाका. जत-कवठेमहांकाळच्या बारीक धुळीत कव्हर फाटलेलं राहिलं तर दांड्याचं सील लवकर कापलं जातं.

स्ट्रट घरी सोडवता येतो, पण वरचा मधला नट स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) लावल्याशिवाय उघडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात किंवा जबडा मोडू शकतो, जीवही जाऊ शकतो. कंप्रेसर नसेल तर सोडवलेला स्ट्रट घेऊन गॅरेजमध्ये जा.

स्टिअरिंग जड झालं तर

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत आधी बॅटरी मोजा. बंद गाडीत १२.४ व्होल्टच्या वर आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवेत. व्होल्टेज पडलं की कंट्रोल युनिट मदत कमी करतं किंवा दिवा लावून बंद करतं. रॅक, मोटर असल्या महागड्या गोष्टी त्यानंतर. तेलावरच्या स्टिअरिंगमध्ये तेलाची पातळी आणि बेल्ट बघा. तेल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घाला. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, पंप तापतो.

कृष्णेच्या पुरात चाकं बुडतील इतक्या पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून कितीही स्वच्छ केली तरी खाली गाळ राहतो. सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर अशा गाड्या थोड्या नव्हत्या. रॅकचे बूट सोडवून आत पाणी आहे का बघा, चारही व्हील बेअरिंग हाताने फिरवून खरखर ऐका, ब्रेक उघडून साफ करा. इलेक्ट्रिक स्टिअरिंगचे कनेक्टर बॅटरी काढून उघडावेत. जुनी गाडी विकत घेतानाही रॅकच्या बुटाच्या घड्यांत वाळलेला गाळ सापडला तर तो तिचा इतिहास सांगतो.

आता अलाइनमेंट

हवा भरून, डिकीतलं जड सामान काढून गाडी न्या. मशीन लावल्यावर 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन्ही आकड्यांची छापील प्रत मागा. मॅकफर्सनच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा फक्त टो जुळवता येतो, कॅंबर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (बाजूने बघताना चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल) जुळवायची सोय नसते. एकाच बाजूचा कॅंबर मर्यादेबाहेर दिसला तर काहीतरी वाकलंय: आर्म, स्ट्रट किंवा नकल. साखळी लावून ओढून सरळ करायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. वाकलेला भाग बदला. काम झाल्यावर टाय रॉडचे लॉक नट आवळलेत का हे स्वतः बघा, आणि रॅकचा बूट पिळलेला राहिला नाही ना तेही.

चाकाचे नट छोट्या गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरला, समोरासमोर आवळत जा. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर ते आणि बदललेल्या प्रत्येक सांध्याचा नट पुन्हा एकदा पान्याने तपासा.